मुंगळ्यांची वसाहत घरात कशी पाळतात?

काचेच्या किंवा प्लास्टरच्या घरट्यात मुंग्यांची जिवंत वसाहत सांभाळणे हा जगात अनेक ठिकाणी रुळलेला छंद आहे. शाळेतल्या विज्ञानाच्या अभ्यासालाही त्याचा उपयोग होतो. मात्र या छंदाविषयीची बहुतेक माहिती युरोप-अमेरिकेतल्या थंड हवेच्या मुंग्यांसाठी लिहिलेली असते. ती कृती पंढरपुरात जशीच्या तशी केली, तर वसाहत पहिल्याच उन्हाळ्यात मरू शकते. भीमेकाठच्या या गावात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी असते आणि काचेची नळी दुपारी भट्टीसारखी तापते. त्यामुळे सोलापूर जिल्ह्यासारख्या भागात मुंग्या पाळणे म्हणजे मुख्यतः त्यांच्या घरट्यातला ओलावा आणि गारवा सांभाळणे. तेवढे जमले की बाकीची कामे मुंग्या स्वतःच करतात.

वारूळ कोणाचे?

सुरुवातीलाच एक घोटाळा दूर केलेला बरा. शेताच्या बांधावर दिसणारे उंच मातीचे वारूळ मुंग्या बांधत नाहीत, ते वाळवीचे असते. वाळवीला पांढरी मुंगी म्हणण्याची पद्धत असली, तरी ती मुंगी नव्हे. कुळाने ती झुरळाच्या जवळची. मुंग्यांचे घर जमिनीखाली असते. वर दिसते ते फक्त एक भोक आणि त्याभोवती उकरून टाकलेल्या मातीचे कडे.

आत अरुंद बोगदे आणि सपाट तळाची दालने असतात. अमेरिकेतले संशोधक वॉल्टर चिंकेल यांनी अशा घरट्यांत पातळ प्लास्टर किंवा वितळलेले ॲल्युमिनियम ओतून त्यांचे साचे काढले. फ्लोरिडातल्या बी गोळा करणाऱ्या मुंग्यांची घरटी दोन मीटरहून खोल गेलेली त्यांना आढळली. खोली वाढेल तशी माती ओलसर होते आणि तापमान स्थिर राहते. अंडी, अळ्या आणि कोष यांना ज्या वेळी जशी ऊब व ओल हवी, तशी कामकरी मुंग्या त्यांना वर-खाली हलवत राहतात. पाळीव घरट्याची रचना करताना हीच गोष्ट लक्षात ठेवायची असते: एका टोकाला ओल, दुसऱ्या टोकाला कोरडेपणा, आणि मधली जागा मुंग्यांच्या निवडीसाठी मोकळी.

कोणती मुंगी निवडावी

नवशिक्याने मोठा काळा मुंगळा निवडावा. कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस हे त्याचे शास्त्रीय नाव. अंगणात, झाडाच्या बुंध्याशी, ज्वारीच्या शेतात तो सगळीकडे दिसतो. मावा किडीच्या अंगातून पाझरणारा गोड द्रव, म्हणजे शेतकरी ज्याला चिकटा म्हणतात तो, मुंगळ्यांचे आवडते खाणे. आकार मोठा असल्याने त्याचे व्यवहार साध्या डोळ्यांना दिसतात आणि फटीतून निसटणे त्याला अवघड जाते. तो चावतो, पण त्याला नांगी नसते.

काही मुंग्या मात्र टाळाव्यात. नांगीने डंख मारणारी लाल मुंगी घरात आणू नये. साखरेच्या डब्यात शिरणाऱ्या बारीक मुंग्या सुईच्या टोकाएवढ्या फटीतूनही बाहेर पडतात. कोकणातल्या आंब्यावर पानांची घरटी करणाऱ्या ओंबिलाला जिवंत झाड लागते. तिच्या कामकरी मुंग्या अळ्यांच्या रेशमाने पाने शिवतात, ते काम डब्यात होत नाही. डायाकॅमा नावाच्या मुंग्यांमध्ये तर वेगळी राणीच नसते, एक कामकरी मुंगीच अंडी घालते. त्यामुळे राणी शोधून वसाहत सुरू करण्याची रीत तिथे लागू पडत नाही.

राणी कधी आणि कशी मिळते

वसाहतीची सुरुवात एकट्या राणीपासून होते. बीळ खणून राणी काढू नये. ती बहुधा सापडत नाही, आणि त्या खटाटोपात बाहेरची नांदती वसाहत मात्र उद्ध्वस्त होते. नुसत्या कामकरी मुंग्या पकडून आणल्या तर त्या काही आठवडे किंवा महिने जगतात आणि वसाहत तिथेच संपते.

योग्य वेळ म्हणजे वळवाच्या सरी पडू लागल्यापासून आषाढी वारीपर्यंतचे दिवस. पावसानंतर हवा दमट झाली की पंखवाल्या राण्या आणि नर बिळांतून बाहेर पडून उडतात. संध्याकाळी दिव्याखाली, भिंतीवर, ओसरीवर त्या सापडतात. मरण जवळ आले की मुंगीला पंख फुटतात, असे लोक म्हणतात. नरांच्या बाबतीत ते खरे आहे, कारण मिलनानंतर ते थोड्याच दिवसांत मरतात. राणीचे आयुष्य मात्र तेव्हा सुरू होते. ती जमिनीवर उतरते, स्वतःचे पंख स्वतःच गाळते आणि लपायला जागा शोधू लागते. पंख गळलेली, एकटीच घाईघाईने चालणारी राणी पाळायला सर्वांत चांगली, कारण तिचे मिलन झालेले असण्याची शक्यता जास्त असते.

राणी ओळखताना दोन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे वाळवीची पाखरे उचलणे. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात, कंबर जाड असते आणि मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ असतात. मुंगीचे पुढचे पंख मोठे, कंबर बारीक आणि मिशा कोपरात वाकलेल्या असतात. दुसरी चूक म्हणजे मोठ्या डोक्याच्या कामकरी मुंगळ्यालाच राणी समजणे. राणीची खूण डोक्यात नसून छातीत असते. उडण्याचे स्नायू तिथे असल्याने तिची छाती फुगीर दिसते, आणि पंख गळलेल्या जागी बारीक व्रण राहतात.

पहिले घर: काचनळी

राणीला लगेच मोठे घरटे देऊ नये. निसर्गात ती आपल्या अंगापेक्षा थोडीच मोठी पोकळी करून स्वतःला कोंडून घेते. प्रयोगशाळेतली साधी काचनळी त्या पोकळीचे काम करते. सुमारे १५ सेंटीमीटर लांबीची नळी घेऊन तिचा एक तृतीयांश भाग पाण्याने भरावा. त्यावर कापसाचा घट्ट बोळा असा दाबावा की तो ओला होईल, पण पाणी पुढे गळणार नाही. मग राणीला आत सोडून तोंडाला दुसरा, हवा खेळू देणारा बोळा लावावा. नळी आडवी ठेवून काळ्या किंवा लाल कागदात गुंडाळावी.

लाल रंगामागे जुना प्रयोग आहे. इंग्लंडमधले सर जॉन लबक यांनी एकोणिसाव्या शतकात मातीचा पातळ थर दोन काचांमध्ये धरून मुंग्या पाळल्या. १८८२ साली त्यांचे मुंग्या, मधमाश्या व गांधीलमाश्यांवरचे पुस्तक आले. घरट्यावर रंगीत काचा ठेवल्यावर जांभळ्या काचेखालून मुंग्या कोष उचलून नेत, लाल काचेखाली मात्र निवांत राहत, असे त्यांनी दाखवले. मुंग्यांना लाल प्रकाश फारच कमी जाणवतो. म्हणून आजही निरीक्षणासाठी लाल कागद वापरतात.

मुंगळ्याची राणी या काळात काहीच खात नाही. निरुपयोगी झालेले पंखांचे स्नायू आणि अंगातली चरबी विरघळवून ती त्यावर स्वतः जगते आणि अळ्यांनाही भरवते. अंड्यातून अळी, अळीचा कोष आणि कोषातून पहिली कामकरी मुंगी व्हायला आपल्या हवेत साधारण एक ते दोन महिने लागतात. फिकट तपकिरी, लांबट कोषांनाच लोक मुंगीची अंडी समजतात. खरी अंडी खसखशीच्या दाण्याएवढी असतात.

या दोन महिन्यांत पाळणाऱ्याचे काम एकच: हात न लावणे. सारखी हलवलेली किंवा उजेडात धरलेली राणी घाबरून आपलीच अंडी खाते. आठवड्यातून एकदा मिनिटभर पाहणे पुरेसे असते. काही राण्या तरीही मरतात किंवा त्यांची अंडी वाढत नाहीत. निसर्गातही उडालेल्या राण्यांपैकी फारच थोड्या वसाहत उभी करू शकतात.

घरट्याचा आराखडा

पहिल्या पिढीत पाच-दहा लहानखुऱ्या कामकरी मुंग्या निघतात. त्यांनाही नळीच पुरते. पंचवीस-तीस मुंग्या झाल्यावर पक्क्या घरट्याचा विचार करावा. घरटे फार मोठे करणे ही सर्रास होणारी चूक आहे. रिकाम्या दालनांत मुंग्या कचरा आणि मेलेले किडे टाकतात, तिथे बुरशी धरते, आणि सफाईसाठी आत हात घालता येत नाही. घरटे वसाहतीपेक्षा थोडेच मोठे असावे.

शंभराच्या आतल्या वसाहतीला १५ सेंटीमीटर लांब, १० सेंटीमीटर रुंद आणि ३ सेंटीमीटर जाड प्लास्टरची लादी पुरते. तिच्यात चार-पाच दालने असावीत. प्रत्येक दालन तीन-चार सेंटीमीटर लांब, दोन सेंटीमीटर रुंद आणि एक सेंटीमीटर खोल असावे. बोगदे आठ मिलिमीटर रुंद ठेवले म्हणजे मोठ्या डोक्याचा मुंगळाही सहज जातो. लादीच्या एका टोकाला पाण्याचा वेगळा खळगा ठेवावा, जो दालनांना जोडलेला नसेल. त्यात घातलेले पाणी प्लास्टरमधून झिरपते. खळग्याजवळचे दालन ओलसर, मधले दमट आणि शेवटचे कोरडे राहते. मग अळ्या कुठे ठेवायच्या आणि कोष कुठे, हे मुंग्या ठरवतात. अळ्या बहुधा ओलीकडे आणि कोष कोरड्याकडे जातात. सगळ्याच मुंग्या खळग्याशी दाटल्या तर पाणी कमी पडते आहे, आणि सगळ्या कोरड्या टोकाला गेल्या तर ते जास्त झाले आहे, असे समजावे.

दख्खनच्या मुंग्या ओलीची अशी काळजी घेतात हे जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी पुण्यात नोंदले गेले. मुंबई सरकारच्या सेवेतले विल्यम हेन्री साइक्स यांना १८२९ मध्ये पावसाळ्याच्या तोंडाला मोकळ्या जमिनीवर गवताच्या बियांचे छोटे छोटे ढीग दिसले. जमिनीखालच्या कोठारातले भिजलेले बी मुंग्या उन्हात वाळवण्यासाठी वर आणत होत्या. साइक्स यांनी या मुंगीला दिलेल्या नावाचा अर्थच दूरदर्शी असा आहे.

प्लास्टरचे घरटे बनवण्याची कृती

घरट्यांसाठी प्लास्टर वापरण्याची रीत फ्रान्सच्या शार्ल जाने यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुळवली. साहित्य गणपतीच्या कारखान्यात असते तेच: प्लास्टर ऑफ पॅरिस आणि शाडूची माती.

१. लादीच्या मापाची काच घेऊन तिच्यावर शाडूची दालने, बोगदे आणि पाण्याचा खळगा थापावा. जिथे माती असेल तिथे पुढे पोकळी होईल.

२. काचेभोवती पुठ्ठ्याची किंवा लाकडाची चौकट बसवून फटी शाडूने बुजवाव्यात.

३. वजनाने दोन भाग प्लास्टर एक भाग पाण्यात कालवून लगेच ओतावे. चौकट हलकेच ठोकली की हवेचे बुडबुडे वर येतात.

४. अर्ध्या-पाऊण तासाने काच सोडवून माती काढावी आणि पोकळ्या ब्रशने धुवाव्यात. बाहेर जाण्यासाठी एका बाजूने नळीच्या जाडीचे भोक पाडावे.

५. लादी आठ ते पंधरा दिवस पूर्ण वाळू द्यावी. ओल्या प्लास्टरला बुरशी लवकर धरते. वाळल्यावर तीच काच झाकण म्हणून बसवून वर लाल कागद ठेवावा.

प्लास्टरऐवजी बांधकामावरची हलकी, सच्छिद्र वीटही चालते, जिला महाराष्ट्रात सर्रास सिपोरेक्स म्हणतात. ती स्क्रूड्रायव्हरने कोरता येते आणि पाणी चांगले धरते. कोरताना नाकाला फडके बांधावे. कुंभाराकडून बिनझिलईची भाजलेली लादी करून घेतली तर उन्हाळ्यात तिचा वेगळा फायदा होतो. ती माठासारखी पाझरते, आणि पाझरलेले पाणी वाळताना घरटे गार होते.

नव्या घरट्यात मुंग्यांना ढकलू नये. नळीचे तोंड घरट्याला जोडून नळीवरचा कागद काढावा आणि घरटे अंधारात ठेवावे. कधी एका रात्रीत, कधी पंधरा दिवसांत, राणीसह सगळ्या स्वतःच बिऱ्हाड हलवतात.

अंगण आणि कुंपण

मुंग्यांना खाण्यासाठी आणि कचरा टाकण्यासाठी घरट्याबाहेर मोकळी जागा हवी. प्लास्टिकचा उभ्या भिंतींचा डबा हे त्यांचे अंगण. माशांच्या टाकीला लावतात ती पारदर्शक नळी वापरून तो घरट्याला जोडता येतो. डब्याच्या वरच्या काठाला आतून टाल्कम पावडर आणि सॅनिटायझर यांचा पातळ लेप द्यावा. तो वाळला की त्यावर मुंग्यांचे पाय ठरत नाहीत. पावसाळी दमट हवेत हा लेप निकामी होतो, तेव्हा पेट्रोलियम जेलीचा पातळ पट्टा लावावा.

कुंपणावर किती विसंबावे हेही साइक्स यांच्याच अनुभवातून कळते. पुण्यातल्या घरी फळे आणि गोड पदार्थ ठेवण्याच्या टेबलाचे पाय त्यांनी पाण्याच्या भांड्यांत ठेवले होते. मुंग्या पाणी ओलांडून आल्या. मग पायांना टर्पेंटाइन लावले, तेव्हा त्या काही दिवस थांबल्या आणि पुन्हा दिसू लागल्या. शेवटी पाहिले तर त्या भिंतीवर टेबलाच्याही वर चढून तिथून खाली पडत होत्या. म्हणून डब्याला बारीक जाळीचे झाकण असावे आणि त्याला पडदा, वायर किंवा भिंत टेकलेली नसावी.

खाणे

वसाहतीला दोन प्रकारचे अन्न लागते. काम करणाऱ्या मुंग्यांना गोड, आणि राणीला व अळ्यांना प्रथिने. एक भाग साखर आणि तीन भाग पाणी यांचे थेंबभर मिश्रण बाटलीच्या झाकणात कापसावर द्यावे. गुळाचे पाणी लवकर आंबते, त्यामुळे ते ठेवून देऊ नये. प्रथिनांसाठी आठवड्यातून दोनदा झुरळ, नाकतोडा किंवा वाळवीची पाखरे उकळत्या पाण्यात बुडवून द्यावीत. उकडलेल्या अंड्याचा कणही चालतो. उरलेले दुसऱ्या दिवशी काढावे. गोड पिऊन आलेली मुंगी पोटातला साठा तोंडाने इतरांना वाटते. हे वाटप काचेतून स्पष्ट दिसते.

फवारणी झालेल्या शेतातले किडे देऊ नयेत. ज्या खोलीत कीटकनाशकाचा फवारा किंवा मुंग्या मारण्याचा खडू वापरला जातो, तिथे घरटे ठेवू नये. दोन वसाहतींच्या मुंग्या एकत्र करू नयेत. अंगाच्या वासावरून त्या परक्या ओळखतात आणि मरेपर्यंत भांडतात.

वर्षभराची निगा

मार्च ते जून हा कसोटीचा काळ. मुंगळ्यांना २५ ते ३० अंश तापमान मानवते. बंद काचेत ३५ अंशांच्या वर धोका सुरू होतो. पत्र्याच्या खोलीत, माळ्यावर, खिडकीत किंवा टीव्हीवर घरटे ठेवू नये. घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात, जमिनीवर, माठाशेजारी ते ठेवावे. खळगा कोरडा पडला आहे का ते रोज पाहावे. कापूस वाळलेली नळी दुपारभरात वसाहत संपवू शकते. ओलसर वाळूच्या परातीत घरटे ठेवल्यास आतले तापमान काही अंशांनी उतरते.

पावसाळ्यात उलट वागायचे असते: पाणी कमी, हवा जास्त, बुरशीवर लक्ष. थंडीत मुंगळे मंदावतात, अंडी कमी होतात आणि खाणेही घटते. परदेशी माहितीत या काळात वसाहत फ्रिजमध्ये ठेवण्याचा सल्ला असतो. तो बर्फाळ प्रदेशातल्या मुंग्यांसाठी आहे. पंढरपूरच्या मुंगळ्यांना त्याने इजाच होईल.

किती वर्षांची जबाबदारी?

कामकरी मुंगी महिन्यांच्या हिशेबात जगते, राणी वर्षांच्या. लबक यांच्याकडची एक राणी सुमारे पंधरा वर्षे जगली. युरोपातल्या काळ्या बागमुंगीची एक राणी पाळलेल्या अवस्थेत जवळजवळ २९ वर्षे जगल्याची नोंद आहे. मुंगळ्याची राणी इतकी टिकेलच असे नाही, पण पाचवीतल्या मुलाने आणलेली वसाहत तो दहावीला जाईपर्यंत घरात असू शकते, आणि तोवर तिच्यात शेकडो मुंगळे झालेले असतात. सुट्टीत गावाला जाताना पाणी कोण पाहणार, हा प्रश्न राणी उचलण्यापूर्वीच सोडवावा.

राणी मेली तर दुसरी राणी घालून उपयोग नाही. कामकरी मुंग्या बहुतेक वेळा तिला मारतात. उरलेल्या मुंग्यांना नेहमीसारखे खाणे-पाणी देत राहावे. काही महिन्यांत वसाहत आपोआप विझते. पाळणे जमत नसेल आणि राणी जिवंत असेल, तर वसाहत जिथून आणली त्याच परिसरात, पावसाळ्यात माती मऊ असताना झाडाच्या बुंध्याशी सोडावी. दुसऱ्या जिल्ह्यातून किंवा विकत आणलेली मुंगी मात्र कधीही बाहेर सोडू नये. परक्या मुंग्या एकदा स्थिरावल्या की स्थानिक मुंग्यांची जागा घेतात, आणि नंतर त्यांना हटवणे जवळजवळ अशक्य असते.